दोर सांभाळणारा माणूस जातो तेव्हा

शनिवारी रात्री तुमच्या घरात सॅक भरली जात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सॅक मुलाची असेल, मुलीची असेल, नाहीतर चाळिशीत एकाएकी डोंगरांचे वेड लागलेल्या यजमानांची असेल. नाशकात अशी घरे काही कमी नाहीत. आणि का असावीत? एकीकडे त्र्यंबकची रांग, दुसरीकडे साल्हेर-मुल्हेर, तिकडे चांदवडपासून अंकाई-टंकाईपर्यंतचे किल्ले, आणि घोटी ओलांडली की कळसूबाई, अलंग, मदन, कुलंग. शिवाय अंजनेरी हे हनुमंताचे जन्मस्थान अशी आपली श्रद्धा. तेव्हा कड्यांवर चढणारी पोरे आपल्याकडे निपजायचीच!

यात आपला वाटा बहुधा दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि 'पोचलास की फोन कर' एवढाच. 'तिकडे रेंज नसते गं आई' हे उत्तरही ठरलेले. मग रविवारी रात्री जिन्यात बूट वाजेपर्यंत आपण टीव्हीसमोर बसतो खऱ्या, पण कान दाराकडे.

या मंडळींच्या बोलण्यात एक नाव सारखे येते, हे तुमच्याही लक्षात आले असेल. 'सर म्हणाले', 'दादांनी गाठ तपासली', 'काका असले की काही होत नाही.' प्रत्येक गटाचा असा एक सर, दादा किंवा काका असतोच. आपण त्याला एखाद्या वेळी पाहिलेले असते, तेही पहाटे गाडीच्या टपावर सामान बांधताना. आपले मूल ज्याच्या भरवशावर कड्यावरून खाली लोंबकळते, त्याला आपण चहासुद्धा विचारलेला नसतो. असा माणूस एक दिवस डोंगरातच गेला, तर त्याच्यामागच्या मंडळींचे काय होते? आणि घरात असलेल्या आपण काय करायचे?

१८ जानेवारी २०२०, शनिवार. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत पडले. वय साठ. तीसेक जणांना घेऊन दोराच्या साहाय्याने कडा उतरण्याची मोहीम चालू होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांचा मृतदेह सापडला. बाकीची मंडळी सुखरूप परत आली.

कोकणकडा तुमच्यापैकी काहीजणींनी पाहिला असेल. आपल्याकडून घोटी-राजूरवरून पाचनईला जायचे आणि तिथून चढायचे. गडावरचे देऊळ, केदारेश्वराची पाण्यातली पिंड पाहून माणसे पश्चिमेच्या टोकाशी जातात आणि तिथे पोटावर झोपूनच खाली बघतात. उभ्याने बघायची छाती होत नाही. कडा नुसता सरळ नाही, नागाने फणा काढावा तसा आत वळलेला आहे. हजार फुटांहून अधिक खोल, आणि तळाशी कोकणातले बेलपाडा गाव खेळण्यातल्या घरांसारखे दिसते. पावसाळ्याच्या दिवसांत नशीब असेल तर ढगावर आपलीच सावली पडते आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचे पूर्ण कडे. त्याला इंद्रवज्र म्हणतात.

सावंत मुंबईचे, पण सह्याद्री त्यांचे घर होते. भंडारदऱ्याजवळ साम्रद गावाशी सांदण नावाची दरी आहे. जमिनीला भेग पडावी तशी अरुंद, दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फुटांच्या भिंती, मध्ये कमरेइतके गार पाणी. साम्रदच्या लोकांना ती पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. बाहेरच्या भटक्यांना तिची ओळख झाली ती मात्र सावंतांमुळे. आज नाशिक-मुंबईच्या बसगाड्या भरभरून तिथे जातात, गावातल्या बायाबापड्यांना जेवणा-मुक्कामाचे चार पैसे मिळतात. आपण दाखवलेल्या वाटेने अनोळखी माणसे चालत राहावीत, ही डोंगरातल्या माणसाची खरी इस्टेट म्हणायची.

त्या रविवारी ज्या घरांतून ही बातमी आली, तिथे पहिला प्रश्न एकच निघाला असेल: 'एवढा अनुभवी माणूस, मग पडला कसा?' आणि त्याच्या पाठोपाठ, मनातल्या मनात, 'मग आमच्या पोराचं काय?'

या प्रश्नाचे उत्तर कळायला दोराने उतरणे म्हणजे काय, हे थोडे समजून घ्यायला हवे. अवघड नाही. वर खडकात भोके पाडून पोलादी बोल्ट पक्के केलेले असतात, निदान दोन, कारण एकावर कधीच विसंबायचे नाही. त्यांना दोर अडकवतात. उतरणाऱ्याच्या कमरेला आणि मांड्यांना रुंद पट्ट्यांचा हार्नेस असतो, त्याला डिसेंडर नावाची धातूची कडी. दोर त्या कडीला वळसा घालून जातो. विहिरीत भरली कळशी सोडताना दोराला खांबाचा एक वळसा दिला की भार हाताला येत नाही, तसेच हे. घासत घासत दोर सरकतो आणि माणूस बेताने खाली जातो. याला रॅपलिंग म्हणतात. नवख्यासाठी दुसरा एक सुरक्षेचा दोर असतो. हात सुटला, चक्कर आली, तरी त्या दुसऱ्या दोराने कोणीतरी त्याला धरलेले असते.

हा 'कोणीतरी' म्हणजे ते सर, ते काका. आता हिशेब करा. शिकायला आलेली मुलगी दिवसभरात एकदा उतरते. तिच्या आधी तिचा हार्नेस कोणीतरी ओढून पाहतो, गाठ पाहतो, कॅराबिनरचा स्क्रू फिरवून पाहतो. पण ज्याने हे तीसजणांचे पाहिले, तो पहाटेपासून कड्याच्या ओठावर उभा आहे. त्याने दोर लावला, तोच दोर सोडवणार, आणि रिवाजाप्रमाणे पुष्कळदा तोच सर्वांत शेवटी उतरणार. तोवर ऊन कलते, अंग दमते. बाकीच्यांना वरून धरणारा हात होता. शेवटच्याला धरायला वर कोणीच उरलेले नसते, आणि त्याची गाठ बघायलाही. घरातल्या सगळ्यांना वाढून झाल्यावर आपण पातेल्यात काय उरले ते बघतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे उरतो तो धोका.

म्हणजे अनुभव कमी पडतो असे नाही. अनुभवी माणूस धोक्यापाशी सर्वांत जास्त वेळ उभा राहतो, इतकेच. नवख्याच्या पन्नास वर्षांत जेवढे होणार नाही तेवढे त्याचे चार महिन्यांत होते. सावंतांच्या अपघाताचे बारकावे मी इथे उगाळणार नाही. त्या वेळी ते काम फोनवरच्या रिकामटेकड्यांनी पुरेपूर केले. ज्यांनी जन्मात गच्चीच्या कठड्यावरून वाकून पाहिले नसेल, तेही बोल्ट आणि दोरांवर मते देत होते. ज्या घरात सुतक आहे, तिथल्या माणसांच्या हातातही फोन असतो, एवढी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात येऊ नये!

त्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली. शोक करायलाही वाव उरला नाही. डोंगरातल्या मंडळींची शोकाची आपली एक रीत आहे. सभागृहातल्या शोकसभेत ती अवघडून बसतात, बोलायला उठली की दोन वाक्यांत अडखळतात. त्यांचे खरे रडणे डोंगरात होते. गेलेल्या माणसाच्या आवडत्या वाटेने सगळे एकत्र जातात, माथ्यावर गप्प बसतात, मग कोणीतरी त्याची एखादी खोड सांगते, कोणीतरी हसते, आणि मग बांध फुटतो. जानेवारीत सावंत गेले आणि मार्चच्या अखेरीस टाळेबंदी आली. डोंगर बंद, गाड्या बंद. ज्याला त्याला आपले दुःख घेऊन दोन खोल्यांत बसावे लागले. त्या उन्हाळ्यात घरातला मुलगा विनाकारण चिडत असेल, दोर काढून परत परत गुंडाळत असेल, तर ते काय होते हे आता तुम्हाला उमगेल.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी, ७ डिसेंबर २०२० रोजी, इंग्लंडात डग स्कॉट वारले. आता तुम्ही म्हणाल, इंग्लंडातल्या माणसाचा नाशिकशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो चांगला १७० मीटर उंच आहे. त्र्यंबकजवळचा हरिहर किल्ला तुम्हाला ठाऊक असेलच. तोच तो, जिन्यासारख्या उभ्या, खोबणी असलेल्या दगडी पायऱ्यांचा. पावसाळी रविवारी तिथे इतकी गर्दी लोटते की भीती कड्याची नव्हे, माणसांची वाटावी. याच हरिहरच्या एका उभ्या कड्यावर नोव्हेंबर १९८६ मध्ये डग स्कॉट यांनी पहिली चढाई केली. तेव्हापासून त्याला स्कॉटिश कडा म्हणतात. गंमत म्हणजे हे गृहस्थ स्कॉटलंडचे नव्हतेच, नॉटिंगहॅमचे पक्के इंग्रज. आडनावावरून कडा स्कॉटिश झाला. आपल्या मुलांनी त्यांना पाहिलेले नाही, पण 'स्कॉटिश' चढून आलो म्हणताना आवाजात जो रुबाब येतो, तो त्यांनी मागे ठेवलेला आहे. एकलव्याला तरी द्रोणाचार्य कुठे शिकवायला आले होते?

या माणसाची कथा आपल्या विषयाला फार जवळची आहे, म्हणून थोडी सांगते. २४ सप्टेंबर १९७५ रोजी स्कॉट आणि त्यांचे जोडीदार डूगल हॅस्टन एव्हरेस्टच्या नैऋत्य भिंतीवरून माथ्यावर पोचले. उतरताना रात्र झाली. माथ्याच्या थोडे खाली, बर्फात उकरलेल्या बिळात, झोपायच्या पिशव्या नाहीत, प्राणवायू संपलेला, अशी रात्र दोघांनी काढली आणि बोटेसुद्धा शाबूत घेऊन परतले. दोनच वर्षांनी काराकोरममधल्या 'ओग्र' नावाच्या भयंकर शिखरावर ते पोचले, आणि माथ्यावरून दोराने उतरायला सुरुवात करतानाच घसरून, झोका जाऊन खडकावर आपटले. दोन्ही पाय मोडले. तिथून हा माणूस गुडघ्यांवर रांगत खाली आला. बरोबरच्यांपैकी ख्रिस बॉनिंग्टन यांच्या बरगड्या वाटेत मोडल्या. सगळे जिवंत परतले ते एकमेकांना न सोडल्यामुळे.

पाहिलेत ना, दोन्ही वेळा संकट उतरताना आले. चढताना माणूस ताजा असतो, नजर पुढे असते. उतरताना जेवणाची, घराची आठवण येते आणि तिथेच पाय चुकतो. म्हणून 'माथा गाठलास का?' हा आपला नेहमीचा प्रश्न तसा अर्धवटच.

पुढे स्कॉट यांनी नेपाळातल्या हमालांच्या गावांसाठी शाळा आणि दवाखाने काढायचे काम अंगावर घेतले. २०२० च्या टाळेबंदीत, मेंदूच्या कर्करोगाने ग्रासलेले असताना, ते एव्हरेस्टवर घातलेला १९७५ सालचा जुना पोशाख अंगावर चढवून घरातला जिना चढले, त्याच कामासाठी निधी जमवायला. घरातला जिना! आणि मग एकोणऐंशीव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या घरी डोळे मिटले. असे मरण सगळ्याच डोंगरवेड्यांच्या नशिबी नसते. ते जमू शकते, हे मात्र घरी वाट पाहणाऱ्या बायकांनी ऐकून ठेवण्यासारखे आहे.

आणि गुरू म्हटले की पुरुषच डोळ्यांसमोर आणायचे कारण नाही. पुण्याची 'गिरिप्रेमी' संस्था १९८२ साली निघाली, तिच्या संस्थापक उषःप्रभा पागे. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत आपल्याकडची मुले-मुली शिकायला जातात. तिथे सविता कंसवाल नावाची पंचविशीतली मुलगी शिकवत होती. मे २०२२ मध्ये तिने एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरे सोळा दिवसांत सर केली होती. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला द्रौपदी का दांडा या शिखरावर शिकाऊ मंडळींना घेऊन जाताना हिमकडा कोसळला. पंचविसाहून अधिक माणसे गेली, त्यांत सविताही. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलींचे वय असेल वीस-बावीस. मोठ्या बहिणीएवढी गुरू गेली की ते दुःख कुणाला सांगायचे, हे त्या वयात कळतसुद्धा नाही.

तेव्हा आपल्या घरातल्या कोणाचा असा गुरू गेला, तर काय करावे? पहिली गोष्ट, भेटायला जाल तेव्हा त्या घरच्या बाईला 'या वयात कशाला जायचं होतं हो?' असे चुकूनही विचारू नका. आपल्याकडे हा प्रश्न फार सहज तोंडातून जातो. त्यात तिच्यावरही ठपका असतो, की तू का नाही अडवलेस? तिने तीस-चाळीस वर्षे अडवले नाही, म्हणून तर शेकडो मुलांना शिकायला मिळाले. त्यापेक्षा तुमच्या मुलाला त्यांनी काय शिकवले ते सांगा. एखादा प्रसंग, एखादी सवय. ती माऊली पहिल्यांदाच ऐकत असेल, कारण ही माणसे डोंगरातले घरी फारसे सांगत नाहीत. आणि तेराव्यानंतर जा. तोवर घर भरलेले असते. डबा लागतो तो नंतर.

स्वतःच्या मुलावर 'आता बंद म्हणजे बंद' असे लगेच लादू नका. तो काही दिवस स्वतःच जाणार नाही. काहीजण महिनोन् महिने दोराला हात लावत नाहीत, तर काही दुसऱ्याच रविवारी निघतात. दोन्ही शोकाचेच प्रकार समजा. पण पुन्हा जाऊ लागला, की मात्र प्रश्न विचारायचा आपला हक्क सोडू नका. गटात शिकवणारे किती, शिकणारे किती? शेवटी कोण उतरणार, आणि त्याची गाठ कोण तपासणार? हेल्मेट सगळ्यांना आहे का, की फक्त मुलांना? अंधार पडायच्या आत संपेल असा बेत आहे का? पैसे घेऊन नेणारी मंडळी असतील, तर २०२१ पासून महाराष्ट्र शासनाचे साहसी पर्यटन धोरण आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ती केली आहे का, एवढे विचारायला लाजायचे कशाला? हे प्रश्न विचारले तर चांगला सर रागावत नाही. रागावला, तर तेच उत्तर समजा.

विम्याचे कागदही एकदा काढून बघा. अपघात विम्याच्या पुष्कळ पॉलिसींत गिर्यारोहणासारखे साहसी प्रकार वगळलेले असतात आणि ते बारीक अक्षरात शेवटच्या पानावर असते. यजमान 'सगळं कव्हर आहे' म्हणतील. तरीही वाचा.

आता थोडे आपल्या हातातले. घरात दोर असेल तर तो आपल्याच राज्यात राहतो, कपाटावर नाहीतर गॅलरीत. चिखलाने माखून आला तर गार किंवा कोमट पाण्यात, सौम्य साबणाने हाताने धुवावा. कपड्यांची झणझणीत पावडर आणि ब्लीच अजिबात नको. सावलीत पसरून वाळवावा, कारण कडक उन्हाने नायलॉनचा धागा आतून मरतो आणि वरून कळत नाही. फिनेल, ॲसिड, इन्व्हर्टरची बॅटरी यांच्या शेजारी ठेवू नये. ॲसिडच्या नुसत्या वाफेनेही तो निकामी होतो. त्यावर कपडे वाळत घालू नयेत, गादी बांधू नये. आणि त्याला पाय लावू नये. मुलगा दोर ओलांडून जाणाऱ्यावर खेकसतो तो उगाच नाही. पायाखालची बारीक खडी आत शिरून धागे कापते. हार्नेसची शिवण तर तुमच्याइतकी कोणाला कळणार? टीप उसवली आहे का, पट्ट्याला पीळ पडून पांढरा पडला आहे का, महिन्यातून एकदा उजेडात धरून बघा. जाताना अत्तर-सेंट मात्र काढून घ्या. कड्यांवर आग्या मोहोळे असतात आणि वासाने ती उठतात.

एक शेवटचे. गुरू गेल्यावर कधी कधी त्यांच्या घरचे लोक सामान वाटून टाकतात आणि आठवण म्हणून त्यांचा दोर तुमच्या मुलाच्या हाती येतो. तो दोर त्याला फार मोलाचा वाटेल, आणि त्यावरच उतरावेसे वाटेल. ते होऊ देऊ नका. दोराला वय असते. नुसता पडून राहिला तरी साधारण दहा वर्षांनी तो बाद धरतात, आणि त्याने किती झटके खाल्ले आहेत हे ज्याला माहीत होते तो माणूस तर गेला. हातभर तुकडा कापून मुलाला ठेवायला द्या, टोके मेणबत्तीवर वितळवून घ्या म्हणजे धागे सुटणार नाहीत. उरलेल्याचे लहान लहान तुकडे करा, चुकून कोणी त्यावर भार टाकील इतका लांब एकही ठेवू नका.